आप्पांच्या मळ्याचं फाटक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष व गावाचे माजी सरपंच आदरणीय आप्पासाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीचं आपल्या सर्वांनाच वाईट वाटतंय त्या सत्कारमूर्ती नर्सबाई करुणाताई, आणि पंख्याखालची जागा धरून बसलेल्या सुज्ञ बंधुभगिनींनो,

मी बारामतीचा वार्ताहर. संस्कृत शिकलो आणि बाजारभाव लिहितो. तेव्हा भाषेत थोडं अलंकरण आणि थोडा कांदा आढळला, तर सांभाळून घ्या.

माझ्या आधीचे वक्ते म्हणाले की चौऱ्याण्णव साली, सुरतेच्या प्लेगाच्या भयात, आप्पांनी मळ्याचं फाटक गोरगरिबांसाठी उघडलं. हे सत्य आहे. मी तिथं उभा होतो. फाटक आप्पांनी स्वहस्ते उघडलं. फक्त त्याआधी काय घडलं, ते वेळेअभावी राहून गेलं असावं. अध्यक्षांची अनुमती गृहीत धरतो.

पितृपंधरवडा होता. मारुतीच्या पारावर ठरलं, सुरतेहून येईल त्यानं काही दिवस वेशीबाहेर राहायचं. लहानथोर सर्वांना एकच नियम. किती न्याय्य! आप्पांचे चिरंजीव सार्थकराव सुरतेहून मोटारीनं आले आणि मळ्यातल्या बंगल्यावर उतरले. मळा वेशीबाहेरच आहे. नियम तंतोतंत पाळला गेला. पाठोपाठ सुरतेत यंत्रमागावर काम करणारा म्हस्कू बायकोला, म्हाळसाला, घेऊन आला. तोही वेशीबाहेरच राहिला. लिंबाखाली, उघड्यावर. म्हाळसा तापानं फणफणली होती. श्वास घेताना तिच्या छातीचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू येत होता.

सरकारी डॉक्टरांनी तिला प्लेगावरच्या कॅप्सूल सुरू करायला सांगितलं. पण कॅप्सूल होत्या कुठं? उपकेंद्रात पोचल्या नव्हत्या. दुकानांतल्या, ज्यांच्याकडे जीप होती त्यांनी आधीच नेल्या होत्या. आजारी नव्हते ते. सावध होते.

करुणाताईंनी म्हाळसाला बैलगाडीत घातलं आणि गाडी थेट आप्पांच्या फाटकाशी नेली. दोन्ही बाजूंना तोंडाला फडकी. फाटकाला साखळी.

"ताई, गाडी फिरवा. हितं लेकरंबाळं हायती माझी."

"आप्पा, नियम तुमचाच. सुरतंचं माणूस वेशीभायेर. मळा वेशीभायेरच हाय न्हवं?"

"माझ्या पोराला काय बी झालं न्हाय!"

"मग त्याच्या कॅप्सूल हिला द्या."

आप्पा फाटकाआतल्या बाजेवर जाऊन बसले. त्यांची भीती खोटी नव्हती हो. आम्ही सगळेच घाबरलो होतो. मी तर गाडीपासून चांगलाच लांब उभा होतो. गाडीत म्हाळसाचा श्वास मध्येच अडकायचा, आणि तो पुन्हा सुरू होईपर्यंत कुणी हलत नव्हतं.

इतक्यात गोठ्यातून बनाबाई आल्या. म्हस्कूची थोरली बहीण. आप्पांच्या जर्सी गाईंच्या धारा काढायला असत. हातातली बादली त्यांनी फाटकाच्या आत ठेवली, साखळी वर केली, खालून वाकून बाहेर आल्या आणि भावजयीचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसल्या.

"बने, धारा कोण काढंल?"

"सार्थकराव हायती की आप्पा. त्यास्नी काय बी झालं न्हाय."

धारांची वेळ उलटू लागली तसा सगळा गोठा हंबरायला लागला. कासा तटतटलेल्या, डेअरीची गाडी यायची झालेली. सार्थकराव बादली घेऊन गेले. पहिल्याच गाईनं त्यांना बादलीसकट शेणात बसवलं. सूट सुरतेचा होता.

तेव्हा आप्पा उठले. स्वतः साखळी काढली.

"इंजिनघरात ऱ्हावा. ताई, कॅप्सूल कपाटात हायती, घ्या. आन् बने, आधी साबणानं हात धू!"

म्हाळसाला प्लेग नव्हताच, न्यूमोनिया होता. रस्त्यावर राहिली असती तर नावात काय फरक पडला असता? साथ ओसरली, म्हस्कू गावात आला. त्याआधीच कपाटातल्या उरलेल्या कॅप्सूल ताईंनी लिंबाखाली आलेल्या पुढच्या लोकांसाठी मागून नेल्या. म्हणाल्या, "आप्पा, फाटक उघडलंच हाय तर कपाट बी ऱ्हाऊ द्या उघडं." त्यानंतर साखळी पुन्हा लागली, हेही नमूद करतो, वार्ताहराला अर्धी बातमी देता येत नाही.

ताई, उद्यापासून उपकेंद्रात नवी बाई येईल. पुढचा रोगही कधीतरी येईल. तो कुणाचा बंगला पाहणार नाही म्हणतात. खरं असेल. पण औषध पाहतं.

म्हाळसाबाई मागं दाराशी उभ्या आहेत. पुढं दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, बाई, या. ताईंना नारळ तुमच्या हातून जावा, अशी अध्यक्षांना विनंती.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. जिभेनं मर्यादा ओलांडली असेल तर ताईंनी, पाहुण्यांनी आणि विशेषतः आप्पांनी उदार मनानं पोटात घालावं. बनाबाईंचीही क्षमा मागायची होती, परंतु त्या सभागृहात नाहीत. धारांची वेळ आहे. जाताना मळ्यावर भेटून जाईन म्हणतो.

आप्पा, तेवढं फाटक उघडं ठेवायला सांगा.