आजींच्या कानातला डॉक्टर

कानाच्या दवाखान्यात घड्याळजींचा नंबर सातवा होता. समोर दोघी जावा कुजबुजत होत्या. त्यांच्या सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या, कानात ऐकायचं नवं यंत्र घालून.

"महिनाभर सांगत होत्या गं, कानात कुणीतरी माणूस बोलतो म्हणून."

"आणि तुम्ही त्यांना वेड्यात काढलंत, जाऊबाई."

"तू काढलंस. मी फक्त झोपेची गोळी देत होते."

"बोलायचा काय तो?"

"आधी नुसती विचारपूस. मग म्हणे, 'आजी, सुना कामाला कधी जातात?'"

"अगंबाई! आणि सासूबाईंनी सांगितलं?"

"डॉक्टरच आहे समजून सगळं सांगायच्या."

"पण तो शिरला कुठून?"

"ब्लूटूथवरून. नवा फोन जोडायचा तर यंत्राचं बटण दाबावं लागतं. ह्यांच्या बोटांना ते जमेना, म्हणून मीच दुकानदाराला म्हटलं, कायम उघडंच ठेवा."

"जोडताना गुप्त नंबरबिंबर काही विचारत नाही?"

"काही नाही. येईल तो आत. म्हणून तर बंद करून घ्यायला आणलंय."

"म्हणजे आत्ता उघडंच आहे?"

"हळू बोल! लांबून नाही चालत ते. जो कोण आहे, तो आपल्या आसपासचाच आहे."

आपलंही ब्लूटूथ बंद करावं म्हणून घड्याळजींनी घाईघाईने फोन काढला. पडद्यावर नाव आलं, 'आजींचा कान'. अंगठा नेमका त्यावरच टेकला आणि फोन जोडला गेला.

खिडकीशी आजी एकदम ताठ बसल्या. चेहरा उजळला.

"बोला, डॉक्टर. किल्ली आजपासून कुंडीखाली ठेवलीय."