रेशमाचा वास

हसू नका रे, आधी ऐका. पोरीच्या लग्नाचं रेशमी लुगडं घ्यायला मी खोडाळ्याहून जव्हारच्या बाजारात गेलो. येवल्याच्या विणकरानं लुगडं उलगडलं, तसा मी भडकलो, "हे रेशीम नाय! फसवतोस काय?"

"दादा, खरं रेशीम जळलं की केस जळल्यासारखा वास येतो. बघा." त्यानं पदराच्या दशीतला धागा तोडून काडी लावली. मी वाकून नाक पार जवळ नेलं. असा वास आला म्हणता! लगेच लुगडं घेतलं.

घरी येऊन बायकोला सगळं ऐटीत सांगितलं. ती लुगड्याकडं बघायचं सोडून माझ्याच तोंडाकडं बघत होती.

"अहो, डावीकडची मिशी कुठं गेली?"

हात लावला, तर खुंटच!

"लुगड्याचं मला ठाऊक नाय," ती म्हणाली, "मिशी मात्र खरी होती तुमची."