आरामाचे दिवस

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात खांदा शेकून घ्यायला आलेल्या शिवणकामवाल्या मावशी मासिक चाळत होत्या, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे कमरेला पट्टा बांधलेली मुलगी आणि तिचा मोठा भाऊ बसले होते.

"मी आखून दिलेला तक्ता तू पाळलाच नाहीस."

"पाळला की, दादा. मंगळवार-शनिवार टेकडीवर पळणं, सोमवार-गुरुवार वजनं."

"आणि बाकीचे दिवस?"

"तू लिहिलंयस तेच. आराम."

"थापा मारू नकोस. डॉक्टरीणबाई मागच्या वेळी म्हणाल्या, हे रोज वजन उचलणाऱ्याचं दुखणं आहे. किती उचलतेस?"

"बावन्न किलो. आधी अठ्ठावन्न होतं."

"डोकं फिरलंय का तुझं? कुठल्या जिममध्ये?"

"घरीच. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, परत पलंगावर."

मावशींचं पान उलटायचं राहून गेलं.

"आई तर फोनवर म्हणते, मी आता चालायला लागलेय."

"तू लांब असतोस. तुझ्या जिवाला घोर नको, म्हणून म्हणते."

भावाने हातातल्या तक्त्याच्या कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"टेकडी सोडते मी, दादा. एवढं काय त्यात."

"टेकडी नाही सोडायची. शुक्रवारी संध्याकाळी मी येत जाईन, सोमवारी सकाळी जाईन."

"ती तुला उचलू देणार नाही. लाजते."

"मला तिनं कमी उचललंय का? आधी हात कुठे घालायचा, तेवढं शिकव."

आतून मावशींचा नंबर पुकारला गेला.

"हिला आधी घ्या," मावशी म्हणाल्या. "हिच्या घरी कुणीतरी वाट बघतंय."