निशाणी डावा अंगठा

— हां, डावा. डावाच लागतो. का लागतो ते मला विचारू नका, तापीबाई. पस्तीस वर्षं शहाद्याला वकिली केली, हजारभर अंगठे घेतले असतील, पण डावाच का हे कधी कुणाला विचारलं नाही. आणि तिकडे बाकावर बसलीय ना तुमची नात, रुचिका, तिला सांगा रडू नको म्हणावं — दिवाळीत घरी न्यायला याल तेव्हा हीच म्हणेल, वसतिगृहातच बरं आहे. काठी गावाच्याही वरून, डोंगरातून आलात ना, जीपने? मग बसा जरा. मराठी चांगलं बोलता तुम्ही, कुठे शिकलात? — पुरुषोत्तमनगरला, कारखान्यावर? ऊसतोडीला? तरीच.

बघा, मी तुम्हाला 'तुम्ही' म्हणतोय. माझी बायको प्रमिला हसते मला. कोर्टात होतो तेव्हा पाड्यावरून आलेला माणूस कितीही म्हातारा असो — ए, इकडे ये, असंच. वसतिगृह काढलं आणि एकदम तोंडात साखर. तो भिंतीवरचा फोटो पाहिलात? शाल, नारळ, मी असा मान खाली घालून, हात जोडून. खाली छापलंय — 'आदिवासींचे कैवारी ॲड. हेमकांत'. छापणाऱ्याला मीच सांगितलं होतं, कैवारी नको हो, फार होतं. आणि घरी आल्यावर प्रमिलेला काय विचारलं? अक्षर मोठं आलंय ना गं? — असा माणूस आहे मी.

तर अंगठा. कुठल्याही कागदाच्या खाली एक ओळ असते — 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व तो खरा आहे.' त्याखाली निशाणी. या एका ओळीवर माझं घर चाललं. वाचून कोण दाखवायचं? कुणीच नाही. कारकुनाला जेवायला जायचं असायचं, माणसं उन्हात ताटकळलेली, आणि ते सरकारी मराठी असं की मलाच दोनदा वाचावं लागायचं, तर घरी भिली बोलणाऱ्याला काय कळणार? वाचलं काय, न वाचलं काय — असं मी म्हणायचो, आणि आमच्या वकिलांच्या खोलीत सगळे माना डोलवायचे. मला वाटायचं, काय बोलतो मी.

एक होता गोवाल. तुमच्याकडचा नाही, खालचा, इथलाच म्हसावदजवळचा. त्याचं चार एकर रान माझा अशील भाईदास कसत होता, कैक वर्षं. गोवालने जमीन परत मिळावी म्हणून अर्ज केला. आदिवासीची जमीन, कायदा त्याच्याच बाजूचा; केस अशी होती की माझ्या जागी खुर्ची उभी केली असती तरी निकाल तोच लागला असता — भाईदास हरला असता. मग मी डोकं चालवलं. हुशार ना. तारखेच्या दिवशी गोवालला बाहेर लिंबाखाली गाठलं, चहा पाजला, खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, एक अंगठा दे, मग तुला पुन्हा खेटे घालायला लागणार नाहीत. त्याला वाटलं, काळा कोट म्हणजे सरकारचाच माणूस. दिला अंगठा. कागदात काय होतं? — मी माझा हक्क स्वखुशीने सोडतो.

आठ दिवसांनी तो माझ्या दारात उभा. मला वाटलं, कळलं याला, भांडायला आला. तर हा पाया पडतो आणि पिशवीतून कोंबडा काढतो — लाल, चांगला तुरेदार. जमीन परत मिळाली, असं वाटलं होतं हो त्याला. आणि मी? मी म्हटलं, कशाला एवढा त्रास घेतलास, गोवाल. आणि कोंबडा घेतला. प्रमिलेने त्याचा रस्सा केला. मला म्हणते, "कोंबडा त मस्त शे, मंग तुमनं तोंड काबरं असं शे?" म्हटलं, दाढ दुखतेय. दाढ दुखत असताना दोनदा वाढून घेतलं मी.

— काय? नाही, जमीन गेली हे त्याला मी नाही सांगितलं. कुणीतरी सांगितलं असेल. पेरणीला बैल घेऊन गेला असेल, बांधावर भाईदासची माणसं असतील, त्यांनी सांगितलं असेल. मी कसा असेन तिथे? — नाही आला पुन्हा. येऊन शिव्या दिल्या असत्या तर मी कायदा तरी सांगितला असता त्याला. आलाच नाही. लाज वाटते, तापीबाई. हे प्रमिलेलाही सांगितलेलं नाही मी, आणि तुम्हाला का सांगत बसलोय कोण जाणे.

असो. म्हणून या खोल्या बांधल्या, चाळीस पोरी राहतात, लोक म्हणतात पुण्य केलं. तुमचा वेळ जातोय. द्या अंगठा, इथे, या ओळीखाली. — का? हात का मागे घेतला? — वाचू? अहो, साधा प्रवेशाचा अर्ज आहे, मीच तर लिहिलाय, आठ वर्षं हाच चालतो, आजपर्यंत कुणी...

हो. बरोबर आहे तुमचं. वाचतो.

एक, मुलीचं जेवण-राहणं संस्था बघेल. दोन, मुलगी रोज शाळेत जाईल. तीन, सुट्टीत पालक स्वतः न्यायला येतील. चार — 'मुलीस संस्थेने केव्हाही काढून टाकल्यास, अथवा संस्थेत मुलीस काहीही झाल्यास, त्याबाबत कुठेही दाद मागण्याचा हक्क पालक स्वखुशीने...'

स्वखुशीने सोडत आहेत.

हे मीच लिहिलंय. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीने, एका बैठकीत, चहा पिता पिता लिहिलं असेल. आणि आठ वर्षं सगळ्यांचे अंगठे घेतले याच्यावर. मोठ्याने आज पहिल्यांदा वाचतोय.

नको, टेकवू नका. शाई पुसा, ते फडकं घ्या. रुचिकाला आत पाठवा, ताटं वाढलीत, तिला कागद लागत नाही. तुम्ही निघा, माय. जीप सुटेल तुमची.

— अजून बसलात?

— उरलेलं? उरलेलंही वाचू?

पाच —