मदत मागण्याआधीची तयारी

(मेम्फिस. रविवारची दुपार. थॅडियसच्या बंद दाराबाहेर त्याची मोठी बहीण ओर्लीन. डोक्यावर चर्चची टोपी, हातात झाकलेली ताटली.)

ओर्लीन : दाराशी ठेव आणि जा म्हणतोस, मी काय मांजराला दूध घालायला आलेय? उघड.

थॅडियस : ताई, मी लिहितोय.

ओर्लीन : शुक्रवारी पाठवलंस ते प्रहसन वाचलं. दोनदा.

थॅडियस : हसलीस?

ओर्लीन : पहिल्यांदा हसले. डोकं ठिकाणावर राहत नाही म्हणून तो माणूस मदतीला फोन करणार, पण त्याआधी सूट चढवतो, टाय बांधतो, पदवीचं सर्टिफिकेट दाराला लावतो. येणाऱ्यांना भीती वाटू नये म्हणून.

थॅडियस : बुधवारी टीव्हीवाल्यांकडे, आमच्या लेखकांच्या खोलीत वाचून दाखवलं, लोक हसून लोळले. तिथे काळा मी एकटाच. साहेब म्हणाले, मस्त आहे, पण जरा अति होतंय. एवढी तयारी कोण करतं?

ओर्लीन : मग तू काय म्हणालास?

थॅडियस : मीही हसलो. त्याचाच पगार मिळतो.

ओर्लीन : आपल्या गल्लीतल्या कर्टिसच्या आईने काहीच तयारी केली नव्हती.

थॅडियस : तो विषय नको.

ओर्लीन : पोराचं मन थाऱ्यावर नाही, कुणी डॉक्टर पाठवा, एवढंच म्हणाली बिचारी. पाठवले पोलीस, आणि त्यांनी घातली गोळी. कर्टिसच्या हातात चमचा होता रे.

थॅडियस : म्हणून माझ्या माणसाच्या हातात काहीच नाही. नीट वाच.

ओर्लीन : आज पास्टरांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. नाव न घेता.

थॅडियस : मग देवाला कळलं कसं?

ओर्लीन : देवाचं माहीत नाही, शेवटच्या बाकापर्यंत मात्र सगळ्यांना कळलं. थॅड, पडद्याच्या फटीतून दिसतोयस तू. सूट घातलायस.

थॅडियस : रविवार आहे.

ओर्लीन : सहा वर्षांत चर्चची पायरी चढला नाहीस. कधीपासून अंगात आहे?

थॅडियस : गुरुवारपासून.

ओर्लीन : मग झोपतोस कसा?

थॅडियस : झोपत नाही. सुरकुत्या पडतात.

ओर्लीन : फोन केलास?

थॅडियस : तीनदा उचलला. नाही जमलं. मग ते तुला पाठवलं. म्हटलं, ताई वाचेल, ओळखेल.

ओर्लीन : आणि मी खदखदून हसले, भांडी घासायला गेले. दोन दिवस गेले, थॅड. फार एकटं पाडलं मी तुला.

थॅडियस : लिहिलंच तसं होतं. दुसऱ्या तऱ्हेनं सांगता येत नाही मला.

ओर्लीन : एक डॉक्टरबाई आहेत, आपल्यातल्याच. उद्या सकाळी मी तुझ्याबरोबर येणार, बाहेर बाकावर बसणार. आत्ता भाजी आणि मक्याचा पाव खाऊ. उघड बाळा.

थॅडियस : उघडतो. हळूहळू उघडतो हं. दचकू नकोस.

ओर्लीन : हात खाली घे, थॅड. मी आहे.