पलीकडच्या टोकाचं वाचन

मुकुंद : मधला खांब हललेला नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता, ज्ञानबा?

ज्ञानबा : सात वरसं हलला न्हाय, आन आताच कशापायी हलंल? सीना नदीला गुडघाभर बी पानी न्हाय. खांबाला काय वारं आलंय?

मुकुंद : पण तुमच्याच हातची वही तसं म्हणतेय ना! त्यासाठी तर ऑफिसनं मला भल्या पहाटे सोलापुराहून सायकलवर पिटाळलंय. हे बघा. सकाळी आठचं वाचन. पुलाची तुळई किती सरकली ते दाखवणारा पितळी पट्टीवरचा काटा अलीकडच्या टोकाला बारा रेघांवर, पलीकडच्या टोकाला पंधरा. संध्याकाळी सहाला उलटं. अलीकडे एकोणीस, पलीकडे सोळा. कार्तिकापासून आज फाल्गुन आला, रोज हेच रडगाणं.

ज्ञानबा : काट्यानं दावलं तसं लिवलं.

मुकुंद : अहो, लोखंड उन्हानं वाढतं आणि गारव्यानं आकसतं, हे तर तुम्हाला ठाऊक आहे.

ज्ञानबा : सात वरसं त्येच तर बघतोय. मानसापरास लोखंडाची वळख जास्ती झालीया.

मुकुंद : मग ऐका. पुलाची तुळई मधल्या खांबावर जखडलेली आहे. दोन्ही टोकांना ती फिरत्या रुळांवर मोकळी. म्हणजे तापली की दोन्हीकडे सारखीच सरकायला हवी. एकीकडे जास्त सरकली, याचा अर्थ खांबच तिकडे कलला. सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे. आमचे इंजिनियर साहेब म्हणाले, हा पूल आहे की पाळणा?

ज्ञानबा : साहेब गमतीचा हाय की.

मुकुंद : गंमत नाही. सोमवारपासून पूल बंद करायचा हुकूम टाइप होऊन पडलाय. सही तेवढी व्हायचीय. मंद्रूपच्या बाजाराच्या गाड्यांना चार कोसांचा वळसा पडेल.

ज्ञानबा : बाजारच्या गाड्या बंद? आवो, आठवड्यातनं त्योच एक दिस मानसाचं त्वांड दिसतं मला. गाडीवान खाली वाकून “काय ज्ञानबा, बरं हाय का” म्हनत्यात, त्यावर मी सात दिस काढतो.

मुकुंद : मग खरं काय ते सांगा. एक तर खांब कललाय, नाहीतर आकडे खोपटात बसून लिहिलेत. तिसरं काही मला सुचत नाही.

ज्ञानबा : बसून लिवायचं असतं तर दोनीकडं सारकं लिवलं नसतं का? बारा आन बारा! तुमचा साहेब बी खूश, मी बी खूश. खोटं लिवनाऱ्याला एवढी तरी अक्कल असती.

मुकुंद : ...हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

ज्ञानबा : पानी घ्या. घामेजलाय नुसतं. माज्या हातचं चालंल न्हवं?

मुकुंद : द्या हो. सात मैल सायकल मारून आलेल्याला काय न चालायला झालंय! ...थांबा, जरा मागची पानं चाळतो. गंमत अशी, की कार्तिकापर्यंत दोन्ही टोकं अगदी जुळ्या भावंडांसारखी आहेत. अर्ध्या रेघेचाही फरक नाही. मग बदललं काय? रुळांना वंगण घालायचं राहिलं?

ज्ञानबा : दर अमुशेला घालतो.

मुकुंद : पितळी पट्टी कुणी हलवली?

ज्ञानबा : हितं हाय कोन हलवाया?

मुकुंद : आणि हे काय? नोव्हेंबरची अठरा. सकाळचं वाचन आहे, दुपारचं आणि संध्याकाळचं कोरं. सात वर्षांत एवढाच एक कोरा दिवस. पुढे शेरा लिहिलाय, “हवा स्वच्छ”.

ज्ञानबा : साफच हुती हवा त्या दिशी.

मुकुंद : मग वाचन का नाही?

ज्ञानबा : माजी कारभारीन गेली त्या दिशी. मायाक्का.

मुकुंद : अरेरे... कशानं?

ज्ञानबा : ताप. तीन दिस निसता ताप. मंद्रूपच्या रेवणसिद्ध पाटलानं लाकडं दिली, चार मानसं आली. सांजच्याला ती गेली आपापल्या घरी. मी हितंच.

मुकुंद : अहो, पण ऑफिसला कळवायचं तरी!

ज्ञानबा : कुटं कळवू? शेऱ्याच्या रकान्यात वारं, पाऊस, आभाळ, एवढंच लिवायचं आसं तुमच्याच हापिसानं बजावून ठेवलंय. बायकू गेली ह्येला रकाना न्हाय. मग दिसली तशी हवा लिवली.

मुकुंद : आणि दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे एकोणीस तारखेपासूनच, पलीकडचं टोक बिघडलंय.

ज्ञानबा : बिघडलं न्हाय. आता मीच जातो तितं.

मुकुंद : म्हणजे? आधी कोण जात होतं?

ज्ञानबा : न्हाय, म्हंजे... पानी आनीक देऊ का?

मुकुंद : ज्ञानबा.

ज्ञानबा : मायाक्का जायाची. बस? सात वरसं पल्याडलं टोक तिनंच वाचलं. मानूस नेमला एक, टोकं दिली दोन, आन हुकूम काय, तर दोनीकडचं वाचन एकाच टायमाला झालं पायजे! मी काय हनुमान हाय?

मुकुंद : खरंच की. एकाच वेळी दोन टोकांना एक माणूस... हा विचार इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकालाही शिवला नाही.

ज्ञानबा : तुमचं हापिस एका खोलीत हाय.

मुकुंद : मग आता कसं करता?

ज्ञानबा : आठाला हितलं वाचतो. मग पात्रात गाळ, म्हनून ही दगडी पायरी चढून वर, पूल वलांडायचा, आन पल्याड तर पायऱ्याच न्हाईत. बाभळींतनं, धोंड्यांवनं बुडाला उतरायचं. गुडघा दुखतोय. अर्धा तास मोडतो. तवर ऊन वर चढतं. लोखंड काय माज्यासाठी थांबतंय?

मुकुंद : थांबा, थांबा! अर्ध्या तासात तीन रेघा वाढ! आणि संध्याकाळी निवत जातं, म्हणून पलीकडे तीन रेघा कमी! दुपारी दोनला ऊन स्थिरावलेलं असतं, म्हणून तेव्हा फरक पडतच नाही. अहो ज्ञानबा, खांब जागचा हललाच नाही!

ज्ञानबा : मगाधरनं म्या दुसरं काय सांगतोय?

मुकुंद : म्हणजे चार महिने आम्ही जो खांबाचा दोष म्हणून मोजत होतो, तो...

ज्ञानबा : ती नसल्याचा हुता. व्हय.

मुकुंद : ...पण त्यांना वाचता येत होतं?

ज्ञानबा : आक्षर वळकत न्हवती. रेघा मोजायला अक्षर कशाला लागतंय? तिच्या बापाची तीनशे मेंढरं, वाड्यात शिरताना मोजायची ती. हापिसाचं घड्याळ माज्याकडं. आठ वाजलं की मी तुळईवर धोंड्यानं एक ठोका द्यायचा. तिनं त्याच दमाला काटा बघायचा. मग उत्तर. पाच रेघांना एक जोराचा ठोका, सुट्ट्या रेघांना बारीक. लोखंडातनं ह्या टोकाला आसं खणखणीत यायचं, जनू शेजारीच बसलीया.

मुकुंद : आणि कधी चुकलं नाही?

ज्ञानबा : मी चुकायचो. ती पुन्यांदा वाजवायची, जरा रागानं. तापात बी शेवटच्या सकाळपतोर गेली ती पल्याड, नगं म्हनलं तरी. मागं सोलापुरात मार्शल लॉ लागला, तवा आठवतंय?

मुकुंद : शुक्रवार पेठेत राहतो मी. खाणावळही बंद होती. नुसत्या चुरमुऱ्यांवर दिवस काढले, आठवणार नाही तर काय!

ज्ञानबा : तवा ह्या पुलावर पोलीस बसलं. कुनाला इकडचं तिकडं जाऊ देईनात. ही फाटंलाच पल्याड गेल्याली, तिकडंच अडकली. दोन दिस, दोन राती. भाकर न्हाय काय न्हाय. पर आठाला, दोनाला, सहाला ठोका चुकला न्हाय. ती जिवंत हाय का न्हाय ते मला त्या आकड्यांवरनंच कळायचं. पोलीस इचारत्यात, काय रे वाजतंय? म्हनलं, लोखंड तापलं की वाजतं.

मुकुंद : आठाला किती मिनिटं आहेत? पंधरा. चला. मी जातो पलीकडे.

ज्ञानबा : तुमी? धोतर फाडून घ्याल बाभळीत.

मुकुंद : फाटू दे. दोन्हीकडे एकाच वेळी वाचून आकडा जुळला, तर साहेबांच्या टेबलावर ठेवायला पुरावा होईल. तुम्ही ठोका द्या. मी उत्तर देतो.

ज्ञानबा : पाच रेघांना एक जोराचा. ध्यानात हाय न्हवं?

(आठच्या सुमारास. ज्ञानबा अलीकडच्या टोकाला, पुलाखाली; मुकुंद पलीकडच्या टोकाला. मधे नदीचं गाळानं भरलेलं पात्र.)

मुकुंद : ज्ञानबा! पोचलो! काटा दिसतोय!

ज्ञानबा : वरडू नगा! ठोक्याची वाट बघा!

मुकुंद : बरं!

(ज्ञानबाचा एक ठोका. मग पलीकडून उत्तराचे ठोके.)

...

मुकुंद : ज्ञानबा! ओ ज्ञानबा! दोन जोराचे, तीन बारीक! ऐकू आलं का नाही?

...

मुकुंद : अहो, उत्तर तरी द्या!

ज्ञानबा : आलं! आलं... तेरा!

मुकुंद : तुमच्याकडे किती?

ज्ञानबा : तेराच!

मुकुंद : जुळलं! थांबा, आलोच तिकडे!

ज्ञानबा : दमानं या! तो काळा धोंडा डुगडुगतोय, त्येच्यावर पाय देऊ नगा!

...

मुकुंद : अर्ध्या रेघेचाही फरक नाही, ज्ञानबा. खांब पक्का आहे. पूल चालू राहणार. मगाशी गप्प का झालात? मला वाटलं, पडलात की काय.

ज्ञानबा : ठोकं पडलं आन मी ऐकतच ऱ्हायलो. चार म्हैनं मी धोंडा मारतोय, साहेब. सवय म्हना, येड म्हना. आठाला मारायचा, आन गप ऐकत बसायचं. तिकडनं काय बी येत न्हाय. आज आलं. तुमी हाय हे ठावं असून मी तिचंच ठोकं मोजत बसलो.

मुकुंद : ...बसा जरा. मी अहवाल लिहितो. “पुलाचा मधला खांब सुस्थितीत आहे.” आता कारण. “नोव्हेंबरपर्यंत पलीकडच्या टोकाचं वाचन...” इथे मोठी अडचण आहे, ज्ञानबा.

ज्ञानबा : काय?

मुकुंद : नेमलेल्या माणसाखेरीज दुसऱ्यानं वाचन केलं तर ते रद्द, असा नियम आहे. मी मायाक्कांचं नाव लिहिलं, तर साहेब पलीकडच्या टोकाच्या सात वर्षांच्या रकान्यावर तांबडी रेघ मारतील. वहीच्या पहिल्या पानापासून.

ज्ञानबा : आन ते आकडं? त्येंचं काय करनार हुतं हापिस?

मुकुंद : भीमेवर नवा पूल करायचं चाललंय. उन्हाळ्यात लोखंड फुगलं तर टोकाला किती फट मोकळी ठेवायची, ते या आकड्यांवरूनच ठरणार आहे.

ज्ञानबा : तिच्या आकड्यांवरनं?

मुकुंद : हो. तिच्या आणि तुमच्या.

ज्ञानबा : बगा की! आन ती मला म्हनायची, ह्या रेघांचं हापिस काय लोनचं घालतंय का... मग तिचं नाव लिवू नगा.

मुकुंद : ते जमेल. पण साहेब विचारणार, एकट्यानं सात वर्षं दोन्ही टोकं कशी जुळवली? आणि कार्तिकातच का बिनसलं?

ज्ञानबा : लिवा, ज्ञानबा आदी पळत जायचा. धनगराचं पाय, तितं पोचाया चार मिंटं बी लागत न्हवती. कार्तिकात धोंड्यावनं घसरला, गुडघा कामातनं गेला.

मुकुंद : घसरलात तुम्ही?

ज्ञानबा : आता घसरतो.

मुकुंद : हे पटेल त्यांना. पण पुढचं पाऊल समजतंय का? पाय गेलेल्या माणसाला या जागेवर ठेवणार नाहीत. “कामास अपात्र” असा शेरा मारून पाडव्याच्या आत काढतील. तुमची काहीएक चूक नसताना! चार महिने ह्या पायानं दिवसातनं तीनदा तो धोंड्याचा उतार उतरलात, हे मी कुठे लिहू?

ज्ञानबा : न्हाय लिवलं तर चालंल.

मुकुंद : खरं लिहिलं तर कदाचित तुमची नोकरी वाचेल. मी साहेबांच्या पाया पडून सांगेन, की माणूस प्रामाणिक आहे.

ज्ञानबा : आन तिला तांबडी रेघ?

मुकुंद : ...हो.

ज्ञानबा : साहेब, आमाला लेकरू न्हाय. तिच्या नावची जमीन न्हाय, घर न्हाय. तिनं सात वरसं उन्हात हुबं ऱ्हाऊन जे काय केलं, ते त्या रकान्यात हाय. तेवढंच हाय. मी जिता असताना त्येच्यावर रेघ मारू देऊ? लिवा तुमी. गुडघा गेला लिवा.

मुकुंद : पण ते आकडे तुमच्या नावावर राहतील. त्यांचं नाव कुणालाच कळणार नाही.

ज्ञानबा : तिला माजं नाव लावून वीस वरसं झाली. तिला त्येचं काय बी वाटनार न्हाय.

मुकुंद : कुठे जाल?

ज्ञानबा : सांगोल्याकडं. धाकला भाव हाय, बाळासो. त्येची मेंढरं हायत. भावजय लई बोलती, एक घडी गप बसत न्हाय. आता तेबी बरंच वाटंल.

मुकुंद : लिहिलं. इथे अंगठा... नाही, तुम्ही सही करता, नाही का?

ज्ञानबा : करतो. द्या. आन ते “गुडघा गेला” मोठ्या अक्षरात लिवा, म्हंजे साहेब मागलं आकडं तपासत बसनार न्हाय.

मुकुंद : आठ-दहा दिवसांत नवा माणूस नेमतील. त्याच्यासाठी काही सांगून ठेवायचं असेल, तर सांगा. मी त्याला भेटेन.

ज्ञानबा : काय सांगू? काळा धोंडा डुगडुगतोय म्हनून सांगा. वंगन अमुशेला. आन...

मुकुंद : बोला.

ज्ञानबा : म्हनावं, येताना कुनाला तरी संगं घिऊन ये. ह्ये एकल्याचं काम न्हाय.