शेऱ्याची ओळ

हे कोणाला सांगायचं नाही असं माझ्या वर्गातल्या प्रणालीने मला बजावलं होतं, पण तुम्ही पाहुणे, तुमचा चहा होईपर्यंत सांगतेच.

आसगावच्या तलावाच्या पाण्याचं तापमान रोज शाळेआधी मोजायचं, असा प्रणाली धरून आमच्या चौघींचा विज्ञान प्रकल्प होता. जायची मात्र मी एकटीच. आकड्यांसोबत त्यांची माहितीही फाईलमध्येच लिहायची, असं सरांनी शिकवलं होतं: कुठलं पाणी, कोणतं एकक, कोणी मोजलं आणि शेवटी शेरा. "नाही तं सव्वीस म्हणजे अंश का सेंटिमीटर, दुसऱ्याले कसं समजन?"

आलेखात फक्त आकडेच दिसतात. शेरा कोण वाचणार, म्हणून मी लिहायला लागले: 'आजही एकटीच.' 'काल वर्गात माझ्याशी कोणी बोललं नाही.'

मग सरांनी तीच फाईल आलेख काढायला प्रणालीला दिली. काल ती माझ्या बाकाशी आली.

"काहून वं, शेऱ्यात काय लिहून ठेवलं?"

माझे कान तापले. "मिटवून टाक ना."

"फाईलीतलं मिटवाचं नसते म्हणतात सर."

तिने फाईल दाखवली. शेरे तसेच होते. फक्त 'कोणी मोजलं' याच्यापुढे, माझ्या नावाशेजारी, तिने स्वतःचं नाव लिहिलं होतं.

"हे तर खोटं आहे. तू एकदाही आली नाहीस."

"उद्यापासून खरं होईन. पण कोणाले सांगू नको, बाकीच्या हासतीन."

तो उद्या म्हणजे आज. मी केव्हाची थर्मामीटर घेऊन दारात बसले आहे, आणि ती काही येणार नाही असं मला आता

"वं सुषमे, चाल ना! ऊन चढून राहिलं!"